शापूरजी सोराबजी आणि मुंबईच्या क्रिकेटची घडण

1897 साली मुंबईत शापूरजी सोराबजी यांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्याचे दोन विषय सांगितलेले होते. पहिला विषय पारशी समाजातल्या क्रिकेटची बखर, आणि दुसरा ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ हा झगडा. पहिल्या भागात खेळ कसा आला, कोणते क्लब निघाले, कोण खेळले याची नोंद आहे. दुसऱ्या भागात मैदानावरच्या हक्कासाठी सरकारशी झालेला पत्रव्यवहार आहे. शापूरजी स्वतः या दोन्ही गोष्टींचे साक्षीदार होते आणि दुसऱ्या गोष्टीत तर ते पुढारीच होते. मुंबईत क्रिकेट कोणी रुजवले असा प्रश्न निघाला की खेळाडूंची आणि देणगीदारांची नावे पुढे येतात. या लेखकाचे नाव त्यांच्या पंक्तीत क्वचितच घेतले जाते, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पारशी मुलांनी क्रिकेट कसे उचलले याचे शापूरजींनी केलेले वर्णन पुढच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासकाराने वापरले आहे. फोर्टमध्ये गोरे शिपाई खेळत. त्यांचे पाहून मुलांनी सुरुवातीला नुसती नक्कल केली. स्टंपांच्या जागी उंच टोप्या ठेवल्या, बॅट म्हणून छत्री धरली आणि चेंडू म्हणून चिंध्या भरून शिवलेला, धड गोलही नसलेला गोळा घेतला. शापूरजींनी हे काहीही न झाकता लिहिले. आपल्या समाजाच्या खेळाला थोर उगम चिकटवण्याचा मोह त्यांना झाला नाही, म्हणूनच त्यांच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास ठेवता येतो.

नकलेचा काळ फार टिकला नाही. 1848 मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. हिंदी लोकांनी स्थापन केलेला हा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. 1850 मध्ये झोरोॲस्ट्रियन क्लब आला. त्यानंतरच्या दोन दशकांत तीसच्या आसपास पारशी क्लब उभे राहिले. काहींना रोमन देवांची नावे होती, काहींना इंग्रज मुत्सद्द्यांची. बहुतेक क्लब अल्पायुषी ठरले. वर्गणी संपली, मुले नोकरीला लागली की क्लब बंद पडे. त्यांना इमारत नव्हती, कचेरी नव्हती, मालकीचे मैदान तर नव्हतेच. अशा संस्थांचे कागद उरत नाहीत. 1866 मध्ये हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब निघाला, पण त्या काळातल्या हिंदू क्रिकेटची माहिती पारशी क्रिकेटच्या मानाने फारच त्रोटक मिळते. खेळणारे दोन्हीकडे होते. पारशांकडे लिहून ठेवणारे निघाले, हा फरक पडला.

खेळावर लेखणीचा परिणाम किती खोल होऊ शकतो याचे जगातले सर्वांत ठळक उदाहरण त्याच सुमाराला अमेरिकेत घडत होते. हेन्री चॅडविक हा 1824 मध्ये इंग्लंडमधल्या एक्सिटर गावी जन्मलेला मुलगा वयाच्या बाराव्या वर्षी, 1837 मध्ये, आईवडिलांबरोबर ब्रुकलिनला आला. तो क्रिकेट खेळला आणि पुढे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्याही लिहू लागला. 1856 मध्ये होबोकन येथल्या मैदानावर त्याने बेसबॉलचा एक चुरशीचा सामना पाहिला आणि हाच अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ होऊ शकेल असे त्याला वाटले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याने त्याच खेळावर लिहिले.

चॅडविकने क्रिकेटचा धावफलक बेसबॉलमध्ये नेला. बेसबॉलच्या सामन्यांचे साधे तक्ते त्याच्या आधीही छापले जात, पण 1859 च्या सुमारास त्याने रूढ केलेल्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र ओळ होती. त्याने किती धावा काढल्या, किती गडी बाद केले, किती गडी बाद करण्यात हातभार लावला, किती चुका केल्या हे त्या ओळीत वाचता येई. सामना न पाहिलेल्या माणसालाही त्यावरून खेळ डोळ्यांपुढे आणता येत असे. शिवाय खेळाडूला पहिल्यांदाच लेखी जबाबदारी आली. सुटलेला झेल संध्याकाळपर्यंत विसरला जाण्याचे दिवस संपले, कारण तो दुसऱ्या दिवशी छापून येऊ लागला. फलंदाज तीन संधी हुकून बाद झाला की इंग्रजी ‘के’ हे अक्षर लिहिण्याची पद्धतही त्याचीच. ती आजही अमेरिकेतल्या प्रत्येक स्कोअरवहीत आहे.

आकड्यांमागोमाग नियम आले. सुरुवातीच्या बेसबॉलमध्ये चेंडू एक टप्पा पडून हातात आला तरी फलंदाज बाद होई. मुंबईच्या गल्लीत जागेअभावी मुले जो ‘एक टप्पा आउट’ खेळतात, तोच हा प्रकार. चॅडविकला तो मोठ्या माणसांच्या खेळाला न शोभणारा वाटे. त्याने लेखामागून लेख लिहिले, नियम ठरवणाऱ्या समितीत बसून तोच आग्रह धरला, आणि 1864 च्या अखेरीस झालेल्या अधिवेशनात हा नियम रद्द झाला. क्षेत्ररक्षकाला आता चेंडू हवेतच टिपावा लागला. त्यामुळे धावणे, सूर मारणे, अंदाज घेणे या कौशल्यांना मोल आले. सट्टेबाजी आणि ठरवून हरणे यांच्याविरुद्धही त्याने सातत्याने लिहिले. 1860 पासून तो खेळाची वार्षिक मार्गदर्शिका संपादित करू लागला. दूरच्या गावातल्या मुलांना नियम कळले ते या स्वस्त पुस्तिकांतून.

या प्रभावाला दुसरी बाजूही आहे. पिचरने चार वाईट चेंडू टाकले तर फलंदाजाला फुकटात पहिल्या तळावर जाता येते. ही पिचरची चूक आहे, फलंदाजाचे कर्तृत्व नव्हे, असे चॅडविकचे ठाम मत होते. म्हणून त्याने पुरस्कारलेल्या फलंदाजीच्या सरासरीत या गोष्टीला जागा मिळाली नाही. संयमाने चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाचे मोल त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे कमी लेखले गेले. तळावर पोहोचण्याचे प्रमाण मोजणारा आकडा अमेरिकेच्या प्रमुख लीगमध्ये अधिकृत झाला तो 1984 मध्ये. काय मोजायचे हे ठरवणारा माणूस नकळत काय दुर्लक्षायचे हेही ठरवतो.

चॅडविकचा सावत्र भाऊ एडविन चॅडविक हा इंग्लंडमधला प्रसिद्ध आरोग्य सुधारक होता. कामगार वस्त्यांतली घाण आणि मृत्यू यांचा संबंध दाखवणारा त्याचा 1842 चा अहवाल आकड्यांनी भरलेला आहे आणि त्यातूनच पुढे 1848 चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा आला. वयात चोवीस वर्षांचे अंतर असलेल्या आणि दोन खंडांत राहिलेल्या या भावांची श्रद्धा एकच होती. नीट मोजले की सुधारता येते, असे दोघांनाही वाटे.

शापूरजींपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. क्रिकेटचे नियम इंग्लंडमध्ये ठरत होते आणि धावफलक तर तयारच होता. मुंबईत तंटा होता तो खेळायच्या जागेचा.

फोर्टच्या तटबंदीबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली विस्तीर्ण जागा होती. तिला एस्प्लनेड म्हणत. 1860 च्या दशकात तटबंदी पाडली गेली, काही भागावर इमारती झाल्या आणि उरलेल्या जागेची आजची नावे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशी आहेत. 1875 मध्ये केवळ युरोपियनांसाठी असलेला बॉम्बे जिमखाना स्थापन झाला आणि त्याला एस्प्लनेडवर स्वतःची राखीव जागा मिळाली. पारशी आणि हिंदू मुलांचे असंख्य सामने उरलेल्या सार्वजनिक मैदानावर, एकमेकांना खेटून चालत. पण जिमखान्याच्या सभासदांना पोलोही खेळायचा होता, आणि घोड्यांच्या टापांनी आपली राखीव हिरवळ उखडणे त्यांना नको होते. त्यामुळे ते पोलो खेळू लागले ते देशी खेळाडूंच्या वाट्याच्या मैदानावर.

क्रिकेटची खेळपट्टी सपाट नसेल तर खेळच राहत नाही. टापांनी पडलेला खड्डा वाळून कडक झाला की त्याच्या काठावर आपटलेला चेंडू कधी तोंडावर येतो, कधी घोट्याखालून सरपटतो. त्या काळी हेल्मेट नव्हते, या मुलांकडे पॅडही पुरेसे नव्हते. तक्रार म्हणूनच अगदी व्यावहारिक होती. जे नुकसान स्वतःच्या मैदानाला नको, ते दुसऱ्यांच्या मैदानाला का, असा तो सवाल होता.

ऑक्टोबर 1881 मध्ये शापूरजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज केला. त्यावर चारशेहून अधिक हिंदू आणि पारशी खेळाडूंच्या सह्या होत्या. अर्जाची भाषा नम्र, पण मांडणी चोख होती. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. पोलोला कूपरेजची जागा देता येईल, क्रिकेटला मात्र दुसरी जागा नाही. या झगड्यात शापूरजींनी संख्येचा पुरावा ज्या हुशारीने वापरला ती चॅडविकच्या तोडीची आहे. त्यांनी ‘देशी लोकांची भावना’ असा मोघम शब्द पुढे केला नाही, खेळणारी डोकी मोजून दाखवली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एरवी वेगवेगळ्या क्लबांतून खेळणारे हिंदू आणि पारशी या कागदावर एकत्र आले होते. इंडियन नॅशनल काँग्रेसची स्थापना होण्यास अजून चार वर्षे होती.

1882 मध्ये सरकारने अर्ज मान्य केला आणि पोलोला कूपरेजला जाण्यास सांगितले. मैदानावर आनंद झाला, पण तो लवकरच मावळला. जिमखान्याने नवी जागा गैरसोयीची असल्याची तक्रार केली आणि पुढच्याच वर्षी सरकारने निर्णय फिरवला. पोलो परत आला. शापूरजींनी पुन्हा अर्ज केले, शहरातल्या वर्तमानपत्रांतही वाद रंगला, पण सरकार हलले नाही. गोऱ्यांच्या क्लबातले सभासद आणि गव्हर्नरच्या पंक्तीला बसणारे लोक एकच होते, हे निर्णयांच्या या उलटसुलट प्रवासातून स्पष्ट दिसले.

अर्ज हरला, पण त्याचा परिणाम झालाच. आपली स्वतःची जागा असल्याशिवाय खेळ टिकणार नाही, ही गोष्ट पारशी समाजातल्या धनिकांना पटली. 1885 मध्ये पारशी जिमखाना स्थापन झाला. त्याच्या मागे जमशेटजी जीजीभॉय आणि जमशेटजी टाटा यांच्यासारखे धनिक उभे राहिले. 1887 मध्ये समुद्र हटवून तयार केलेल्या केनेडी सी-फेसवर, म्हणजे आजच्या मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर, त्याला जमीन मिळाली. तेच मागणे मग इतर समाजांनी केले. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस स्वतः इंग्लंडचा माजी क्रिकेट कर्णधार होता. त्याच्या काळात 1892 मध्ये इस्लाम जिमखान्याला आणि 1894 मध्ये हिंदू जिमखान्याला शेजारीच जागा मिळाली. मरीन ड्राइव्हवरून जाताना आज हे तीन जिमखाने ओळीने दिसतात. त्यांच्या जागेच्या मागणीला सुरुवात झाली ती टापांनी उखडलेल्या खेळपट्ट्यांपासून.

मैदानावरचा निकालही बदलू लागला होता. 1886 मध्ये पारशी संघ इंग्लंडला गेला तेव्हा अठ्ठावीस सामन्यांत एकच विजय मिळाला. 1888 च्या दुसऱ्या दौऱ्यात एकतीस सामन्यांत आठ विजय आले आणि मेहेल्लाशा पावरी या गोलंदाजाने 170 बळी घेतले. 1890 च्या जानेवारीत जी. एफ. व्हर्ननचा इंग्लिश संघ मुंबईत आला. बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर पारशांनी त्याला चार गडी राखून हरवले. त्या दौऱ्यातला व्हर्ननच्या संघाचा तो एकमेव पराभव होता. दोन वर्षांनी पारशी आणि युरोपियन यांच्यातले वार्षिक प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले.

या यशामुळे लेखकही वाढले. माणेकजी कावसजी पटेल यांचा पारशी क्रिकेटचा इतिहास 1892 मध्ये, म्हणजे शापूरजींच्याही आधी, निघाला होता. पावरींनी 1901 मध्ये पुस्तक लिहिले, तर पारशी संघातून खेळलेले जे. एम. फ्रामजी पटेल यांचे भारतीय क्रिकेटवरचे पुस्तक 1905 मध्ये आले. फ्रामजींचा सूर इंग्रज राज्यकर्त्यांशी मैत्रीचा आहे. क्रिकेटने राजा आणि प्रजा जवळ येतील असे त्यांना वाटे. या सर्वांत शापूरजींचे पुस्तक उठून दिसते, कारण त्यात पराभवाचे कागदपत्र जपलेले आहेत. अर्ज, उत्तरे, फिरवलेले हुकूम असे सगळे. जिंकलेल्या सामन्याचा धावफलक कोणीही जपतो. नाकारलेला अर्ज छापून ठेवण्यासाठी वेगळी चिकाटी लागते.

मात्र जागेचा प्रश्न ज्या रीतीने सुटला तिने एक नवा प्रश्न उभा केला. 1881 च्या अर्जावर हिंदू आणि पारशी सह्या शेजारी होत्या; केनेडी सी-फेसवर प्रत्येक धर्माला वेगळे कुंपण मिळाले. स्पर्धाही तशाच बनल्या. 1907 मध्ये हिंदू आल्यावर तिरंगी, 1912 मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी, आणि 1937 मध्ये ख्रिस्ती वगैरे ‘इतर’ मिळून पंचरंगी. हे सामने कमालीचे लोकप्रिय झाले. मैदानाभोवती तंबू पडत, हजारो लोक जमत. 1934 मध्ये बॉबी तल्यारखान यांनी याच स्पर्धेचे धावते वर्णन रेडिओवरून केले.

धर्मनिहाय संघांच्या आतही भिंती होत्या, आणि तिथे पुन्हा लेखणी कामी आली. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात चांभार समाजातल्या पाळवणकर बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचा मोठा वाटा होता. पुण्याला हिंदू क्लबाकडून खेळताना याच बाळूंना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, मंडपाबाहेर दिला जात असे. विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या मुंबईच्या सुधारणावादी पत्राने या संघातल्या सहभोजनाचे आणि अस्पृश्य खेळाडूंच्या समावेशाचे महत्त्व वाचकांपुढे मांडले. खेळाशी एरवी संबंध नसलेल्या पत्राने क्रिकेटची दखल घेतली ती जातिभेदाचा प्रश्न म्हणून.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले, पण हिंदूंचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 च्या चौरंगी स्पर्धेत कर्णधार पै आजारी पडले आणि निवड समितीने पाळवणकर बंधूंना डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केले. बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्यामागची कारणे जाहीर केली. वर्तमानपत्रांतून आणि सभांतून समितीवर टीका झाली. पुढच्या सामन्यात पै परतले तेव्हा बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. अखेर 1923 मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र 1948 मध्ये प्रसिद्ध केले. हिंदू जिमखान्याच्या दारात आतल्या माणसाला काय सोसावे लागले हे कळते ते अशा लेखनामुळे. शापूरजींनी गोऱ्यांच्या दारात उभे राहून जे लिहिले, त्याची ही पुढची पायरी मानावी लागेल.

पंचरंगी स्पर्धेचा शेवटही वर्तमानपत्रांतल्या वादातून जवळ आला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी राष्ट्रीय विचारांचे होते आणि त्यांच्या पत्रात क्रीडाविभाग पाहणारे जे. सी. मैत्रा यांनी धर्मावर आधारलेल्या संघांविरुद्ध अनेक वर्षे लिहिले. हे सोपे नव्हते. सामने वाचकांना हवे होते, आणि रोज त्यांच्या बातम्या देणारा माणूसच ते बंद करा म्हणत होता. 1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले तेव्हा गांधींनीही अशा सामन्यांना नापसंती जाहीर केली. स्पर्धा तरी लगेच थांबली नाही. गर्दी आणि उत्पन्न दोन्ही तिच्या बाजूला होते. प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा 1934 मध्येच सुरू झाली होती, पण पंचरंगीच्या गर्दीपुढे तिच्याकडे लोक वळत नव्हते.

शेवटची पंचरंगी स्पर्धा 1945-46 च्या हंगामात झाली. त्यानंतर मुंबईचे हिंदू, पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती खेळाडू रणजी करंडकासाठी एकाच मुंबई संघातून खेळत राहिले.